मंद आंतरजाल : दोष कोठे शोधावा?

दिंद्रुडसारख्या गावी घरातील आंतरजाल मंदावले की दोष सरसकट सेवा पुरविणाऱ्यावर ठेवला जातो. निदान मात्र क्रमाने व्हावे. प्रथम इतर उपकरणे बंद ठेवून संगणक तारेने राउटरला जोडावा व वेग मोजावा. तो कमी भरला, तरच तक्रार रास्त ठरते. पुरेसा भरल्यास दोष घरातील बिनतारी टप्प्यात असतो. दगडमातीच्या जाड भिंती लहरी शोषतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी त्यांत अधिक क्षीण होतात, २.४ च्या दूर पोचतात, पण वेग कमी देतात. म्हणून राउटर मध्यभागी व उंचावर असणे इष्ट. अखेरीस शब्दार्थही पाहावा : ८ बिट म्हणजे १ बाइट. सबब ४० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास ५ मेगाबाइट उतरणे हा दोष नव्हे, हिशेबच होय.