गुडघ्यातला क्षय

शिवडी म्हटले की क्षयरोग रुग्णालय आठवते आणि क्षय म्हटला की फुफ्फुस. पण हा जंतू रक्तावाटे सांध्यातही उतरतो. खुब्याचा उखळीचा सांधा सगळीकडे फिरतो, गुडघ्याचा बिजागरीसारखा; दोन्हींत हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि आतले अस्तर वंगण पाझरते. त्या अस्तरात किंवा लगतच्या हाडात जंतू घर करतो. गुडघा हळूहळू सुजतो, मांडी बारीक होते; खोकला असेलच असे नाही. ‘लचकला असेल’ म्हणून महिनोन्‌महिने मालिश चालते (पुष्कळजण आमच्याकडे तेल चोळूनच येतात!). तोवर कूर्चा खराब होऊन सांधा आखडतो. एकच सांधा काही आठवडे सुजलेला असेल, तर आधी त्यातल्या पाण्याची वा अस्तराची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात; मात्र सांध्याच्या क्षयात ती साधारण 12 महिने, कधी त्याहूनही जास्त घ्यावी लागतात.