घोंगड्यांतील कसर

गेल्या हिवाळ्यांत झरीच्या घरीं आम्ही वडिलांचें घोंगडें पेटींतून बाहेर काढलें, तों त्याची घडी हातांतच विरली. काळ्या लोकरीस जागोजाग भोकें पडलीं होतीं, व तळाशीं तिच्याच रंगाचे वाळूसारखे कण सांचले होते. शेजारच्या सुती धोतरास मात्र धक्काही नव्हता. इतक्यांत एक करडा, जोंधळ्याएवढा पतंग उडाला, आणि घरांतील मंडळी त्याच्या मागें लागली. पण त्या बापड्यानें घोंगडें खाल्लें नव्हतें. त्यास खाण्याजोगें तोंडच नसतें! अंडीं घालून हे पतंग लवकरच मरतात. खादाड ती त्यांची अळी. तिलाच आपण कसर म्हणतों. ते कण म्हणजे तिची विष्ठा.

या कुळांतील एका जातीस लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं नांव दिलें. तिची अळी तोंडांतून रेशीम काढून, त्यांत लोकरीचे तंतु गुंफून, स्वतःभोवतीं दोन्ही टोकांस उघडी अशी नळी विणते व ती घेऊनच हिंडते. अंग वाढलें, कीं शिंपी सदऱ्यास कळी बसवितो तशी ती नळी बाजूनें चिरून मध्यें नवी पट्टी जोडते. रेओम्यूर या फ्रेंच पंडितानें अठराव्या शतकांत या अळ्यांस रंगीत लोकर देऊन पाहिली, तों जशी लोकर तशा रंगाचे पट्टे नळीवर उमटले.

लोकर, केस, पिसें व शिंगें हीं केराटिन नामक द्रव्याचीं बनलेलीं असतात. त्याचे धागे गंधकाच्या दुव्यांनीं जखडलेले असल्यामुळें आपल्या पोटांत तें पचत नाहीं. कसरीच्या आंतड्यांत हे दुवे तुटतात. मग पाचकरसांचें काम सोपें होतें. आफ्रिकेंत तर या कुळांतील कांहीं अळ्या मेलेल्या जनावरांचीं शिंगें पोखरतात!

मात्र निव्वळ स्वच्छ लोकरीवर कसरीचें नीट पोषण होत नाहीं. घामाचे व अन्नाचे डाग तिला हवे असतात. वडिलांच्या अंगाचा वास राहावा म्हणून आम्ही तें घोंगडें न धुतांच ठेविलें होतें. तेंच तिच्या पथ्यावर पडलें. कडुनिंबाचा पाला पेटींत होता, पण त्यानें कांहीं भागलें नाहीं. डांबराच्या गोळ्या पेटी घट्ट बंद असेल तरच उपयोगी पडतात. त्यापेक्षां लोकरीचें वस्त्र धुवून, कडक उन्हांत उलटसुलट वाळवून, कुंच्यानें झाडावें. अंडीं गळून पडतात, व उजेड अळीस सोसत नाहीं.

घोंगड्याचा हातभर तुकडा शाबूत निघाला. तो आम्ही धुवून घेतला.