सातबाऱ्यावर नाव कुणाचे?

रायगडच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी बांध घालून अडविले, खारजमिनीत भात पिकविला तो कष्टकऱ्यांनी. धान्य मात्र खोत-सावकारांच्या कोठारात गेले. म्हणूनच १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसणे बंद केले. तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुळांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे कूळकायदा आला, कुळे मालक झाली. ज्यांची कूळ म्हणूनही नोंद नव्हती ते मजूर भूमिहीनच राहिले. त्यांत आपली माणसे पुष्कळ.

१९८४ साली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढताना उरण-पनवेल भागात पाच जण हुतात्मे झाले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०२४ साली शिवडीहून अटल सेतू आला. जमिनीला सोन्याचा भाव आला. पण मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावरच्या नावाला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : गुंठाभर जागा असली तरी ती आई-बहिणींच्या नावांसह कागदावर आणा. जमीन नसेल, तर बंदरातल्या कामाचे शिक्षण मुलामुलींना द्या. शिक्षणाचा सातबारा कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

जयभीम!