नखाएवढा खडू

आपल्या चिंचपोकळीच्या शेजारीच, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, जन्माने अमेरिकन परंतु विवाहाने मराठी झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे लिहिण्याजेवण्यासारखी रोजची कामे जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराची, शाळा काढली. तरीही पेन्सिल हाती घेताच रडकुंडीस येणाऱ्या स्वमग्न मुलावर आळसाचा आरोप ठेवून पानेच्या पाने गिरवून घेण्याचा प्रघात आपल्या चाळींतून अद्याप हटलेला नाही. वास्तविक बोटांचे बळ, दाबाची जाणीव वा दृष्टी आणि हात यांचा मेळ यांपैकी काहीतरी बहुधा उणे असते, आणि ते सक्तीने भरून येत नाही. त्यास नखाएवढा खडू द्यावा, कारण तो मुठीत धरून लिहिता येत नाही, चिमटीतच घ्यावा लागतो. फळा उभा असावा, म्हणजे मनगट आपसूक मागे वळते. ताटातल्या रव्यात प्रथम उभी रेघ व अर्धगोल, मग त्यांतून घडणारा ‘ट’, आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी. (कणीक मळू देणे हा माझा विशेष आवडता उपाय, स्वयंपाकघराची तक्रार गृहीत धरावी.) एवढ्याने न भागल्यास टंकलेखन शिकवण्यात कमीपणा मुळीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असून परीक्षेत लेखनिक व जादा वेळ यांची सवलत मिळू शकते. मात्र त्यासाठी लागणाऱ्या दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा अर्ज शालान्त परीक्षेच्या तोंडावर नव्हे, पुष्कळ आधी गुदरावा.