पोप ग्रेगोरी तेरावे आणि इ.स. १५८२

पोप ग्रेगोरी तेरावे (मूळ नाव: उगो बोनकोम्पान्यी, इ.स. १५०२ – इ.स. १५८५) हे इ.स. १५७२ पासून मृत्यूपर्यंत रोमन कॅथोलिक चर्चचे प्रमुख होते. आज जगभर रूढ असलेली ग्रेगोरियन दिनदर्शिका त्यांनी इ.स. १५८२ मध्ये लागू केली.

त्यापूर्वीच्या जुलियन दिनदर्शिकेत दर चौथे वर्ष लीप वर्ष असल्याने वर्षाची सरासरी लांबी ३६५ दिवस ६ तास होई. प्रत्यक्ष सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. हा फरक क्षुल्लक वाटला, तरी सुमारे १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. परिणामी निकेया येथील धर्मपरिषदेच्या काळी (इ.स. ३२५) २१ मार्चच्या सुमारास येणारा वसंतसंपात सोळाव्या शतकात ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. ईस्टरचा रविवार वसंतसंपात आणि पौर्णिमा यांवरून ठरत असल्याने चर्चच्या दृष्टीने हा केवळ खगोलगणिताचा प्रश्न नव्हता.

सुधारणेची मूळ योजना इटालियन वैद्य आलोयसियस लिलियस यांची. ती अंमलात येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. जेजुइट गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी पुढे तिचे समर्थन केले. २४ फेब्रुवारी १५८२ रोजीच्या आज्ञापत्रानुसार गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर मानण्यात आला. दहा तारखा गळल्या, वारांचा क्रम मात्र अखंड राहिला. आविलाच्या संत तेरेसा यांचे निधन नेमके याच रात्री झाले. त्यांचा स्मृतिदिन १५ ऑक्टोबरला पाळतात. शतकवर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष, असेही ठरले. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते.

स्पेन व पोर्तुगाल यांनी हा बदल तत्काळ स्वीकारला. प्रॉटेस्टंट देशांना पोपची आज्ञा मान्य होणे कठीणच होते. ब्रिटनने इ.स. १७५२ मध्ये, तर रशियाने इ.स. १९१८ मध्ये तो स्वीकारला.

मराठ्यांच्या इतिहासातील तारखा

शिवकाळात इंग्रजांच्या पत्रांत जुलियन, तर पोर्तुगिजांच्या कागदपत्रांत ग्रेगोरियन तारखा असत. त्यामुळे एकाच घटनेच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर दिसते. शिवराज्याभिषेकाची (ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६) प्रचलित तारीख ६ जून १६७४ ही जुलियन आहे; ग्रेगोरियन गणनेनुसार ती १६ जून येते. तसेच शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही जुलियन तारीख ग्रेगोरियन गणनेत १ मार्च ठरते.