रत्नागिरीच्या दप्तरांतील इंग्रजी

इंग्रजी ही आज एकच भाषा राहिली नसून तिच्या अनेक शाखा झाल्या आहेत. अमेरिकेंत नोआ वेब्स्टर यानें १८२८ सालीं आपला निराळा कोश प्रसिद्ध केला; जमैका, नायजेरिया, सिंगापूर येथें त्या त्या भूमीच्या भाषांशीं मिसळून तिचीं आणखी रूपें झालीं. हिंदुस्थानांतील शब्दांचा मोठा संग्रह यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशांत आहे. परंतु ही घडण प्रत्यक्ष कशी होते हें पाहण्यास रत्नागिरी जिल्ह्याचे जुने कागद पुरेसे आहेत. आणि ती न ओळखल्यास कागदाचा अर्थ कसा फिरतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थलनामें घेऊं. हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग कमोडोर विल्यम जेम्स यानें १७५५ सालीं आंग्र्यांकडून घेतला. डॉ. जॉन्सनचा इंग्रजी कोश लंडनांत प्रसिद्ध झाला तोहि याच सालीं. तिकडे भाषेला नियमांत बसविण्याचा उद्योग चालला असतां इकडे तीच भाषा कोंकणच्या किनाऱ्यावर नवे शब्द उचलीत होती. इंग्रजी कागदांत सुवर्णदुर्गाचा ‘सेव्हर्नड्रूग’ झाला. ‘दुर्ग’चें ‘ड्रूग’ हा केवळ उच्चारभेद होय. ‘सुवर्ण’चें ‘सेव्हर्न’ होणें मात्र निराळें. सेव्हर्न ही इंग्लंडांतील प्रसिद्ध नदी; तेव्हां अपरिचित शब्द परिचित नांवाच्या सांच्यांत बसला असें दिसतें. जेम्सच्या विधवेनें १७८४ सालीं लंडननजीक शूटर्स हिल येथें पतीच्या स्मरणार्थ बांधविलेला मनोरा याच नांवानें अद्याप उभा आहे. आपल्या लोकांनींहि असेंच केलें. आज्ञापत्रांत टोपीकरांची गणना आहे, तींत डेन्मार्कचे लोक ‘डिंगमार’ होऊन येतात. यांत कोणाचें अज्ञान शोधूं नये. परका शब्द आपलासा करण्याची ही सर्व भाषांची रीति आहे.

१८१८ नंतर कोंकणचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला व दुसरी पायरी आली. शिवाजी महाराजांच्या काळीं झालेल्या राजव्यवहारकोशांत फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. इंग्रज अधिकाऱ्यांनीं येथें उलट मार्ग धरिला. खोत, वतन, इनाम हे शब्द तसेच घेतले, परंतु त्यांना आपल्या भाषेचे नियम लाविले. खोताचें अनेकवचन ‘खोत्स’ झालें, वतनदाराचें ‘वतनदार्स’. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेंत सांगावयाचें तर प्रकृति मराठी व प्रत्यय इंग्रजी.

याचा उत्तम नमुना १८८० च्या खोती कायद्यांत सांपडतो. खोती गांवांतील धारेकरी सरकारी सारा तेवढा देई. त्याच्या जवळचा, पण साऱ्याखेरीज कांहीं अधिक देणारा दुपटकरी आदि जो वर्ग, त्यासाठीं कायद्यानें ‘क्वासी-धारेकरी’ हा शब्द योजिला. ‘क्वासी’ लॅटिन, ‘धारेकरी’ कोंकणांतील मराठी, आणि समास इंग्रजी. संस्कृतांत ‘किंचित् न्यून’ या अर्थीं ‘कल्प’ प्रत्यय लागतो. त्या रीतीनें हा ‘धारेकरीकल्प’ होय. हा शब्द लंडनच्या वकिलाला समजला नसता व खेडच्या कुळालाहि नसता. रत्नागिरीच्या कचेरींत मात्र तो बिनचूक समजे. नव्या भाषारूपाची खरी खूण हीच.

तिसरी पायरी अर्थाची. आणि येथें केवळ शब्दकौतुक उरत नाहीं. जुन्या इंग्रजींत ‘फार्मर’ म्हणजे ठराविक रकमेवर वसुलाचा मक्ता घेणारा, व याच अर्थानें खोताला तो शब्द लावीत. आजचा वाचक त्याचा अर्थ शेतकरी असा करील, तर सारा कागद उलटा वाचला जाईल. खोत हा वसुलाचा मक्तेदार कीं जमिनीचा मालक, हा तर एकोणिसाव्या शतकांतील मोठा वाद होता. अशा वादांत ‘कूळ’ याबद्दल ‘टेनंट’ लिहिणें हें निष्पक्षपाती भाषांतर नव्हे. ‘टेनंट’ म्हटला कीं त्याच्या मागें जमिनीचा मालक आलाच. म्हणजे जो प्रश्न निकालांत काढावयाचा, त्याचें उत्तर भाषांतरानें आधींच देऊन ठेविलें. पुढें खोती रद्द करण्याचें विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ सालीं मुंबई विधानसभेंत मांडलें. ती रद्द झाली १९४९ च्या कायद्यानें. संस्था गेली, परंतु ती मोडणाऱ्या इंग्रजी कायद्याच्या नांवांतहि ‘खोती’ हा शब्द कायम राहिला. त्याची जागा घेईल असा शब्द इंग्रजीपाशीं नव्हता.

यावरून संग्राहकांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कोर्टाच्या कामासाठीं केलेलीं इंग्रजी भाषांतरें कित्येक घरांत मूळ मोडी कागदांस जोडलेलीं असतात. मोडी तेवढें अस्सल समजून भाषांतर टाकून देण्याची जी चाल दिसते, ती सोडावी. दोन्ही कागद एकत्र बांधावे व एकाच क्रमांकाखालीं नोंदावे. दुसरें, अशा कागदांचा अर्थ लावतांना आजचा इंग्रजी कोश पुरत नाहीं. विल्सनचा १८५५ चा न्याय व महसूल यांतील शब्दांचा संग्रह आणि मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ति जवळ असावी. माळ्यावरचे कागद कोंकणच्या पावसापुढें व वाळवीपुढें फार काळ टिकत नाहींत. मूळ व भाषांतर यांत जेथें अंतर पडतें, नेमका तेथेंच कुळाचा हक्क कसा हलला हें दिसतें. दोहोंपैकीं एक कागद गेला, तर तें सांगण्यास तिसरा साक्षीदार नाहीं.