शोधायचं ते कोणत्या शब्दानं?

समजा, मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर आपल्याला मलेरियाची माहिती हवी आहे. शोधाच्या चौकटीत ‘मलेरिया कशामुळे होतो?’ असं लिहावंसं वाटतं. पण संकेतस्थळावरची साधी चौकट प्रश्न समजून घेत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची चाळते. कोणता शब्द कोणत्या पानावर, एवढंच त्या सूचीला ठाऊक. म्हणून लेखकानं वापरला असेल तो शब्द द्यावा. विश्वकोशातली नोंद ‘हिवताप’ या नावानं आहे.

मराठीत आणखी एक अडचण. ‘डास’, ‘डासाची’, ‘डासांमुळे’ हा आपल्या लेखी एकच शब्द. अशा सूचीत मात्र ते तीन वेगळे शब्द ठरू शकतात. एका रूपानं काही हाती लागलं नाही तर दुसरं वापरून पाहावं.

तरीही काही मजकूर सापडतच नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, पण आपल्याकडे जुने फॉन्ट पुढेही बरीच वर्षं चालत राहिले. त्यांत मराठी अक्षराच्या जागी भलत्याच रोमन अक्षराचा संकेत साठवलेला असे. अशा पीडीएफमध्ये आपल्या डोळ्यांना ‘डास’ दिसतो, शोधणाऱ्या संगणकाला दिसत नाही. तिथे पानं उलटत वाचणं आलंच!